गावापुरता पैसा

युद्ध सुरू झालं की सगळ्यात आधी बाजारातून गायब होते ती चिल्लर. धान्याच्या नि रॉकेलच्या रांगा नंतर लागतात. सुट्टे पैसे मात्र पहिल्या आठवड्यातच दिसेनासे होतात. ते कोणी लुटून नेत नाही. जो तो आपल्यापुरते चार जास्त बाजूला टाकतो, आणि लाखो घरांनी चार-चार नाणी बाजूला टाकली की अख्ख्या देशाची मोड संपते.

जर्मनीत १९१४ च्या जुलैअखेर नेमकं हेच झालं. ३१ जुलैला राइशबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि ४ ऑगस्टच्या कायद्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. सोनं मिळेना म्हटल्यावर लोकांनी चांदी धरली. एक मार्क, अर्धा मार्क, दोन मार्क ही रोजच्या व्यवहारातली चांदीची नाणी गादीखाली गेली. सरकारने घाईघाईने एक आणि दोन मार्कांच्या कागदी नोटा काढल्या, पण दहा फेनिगचा पाव घेऊन एक मार्काची नोट पुढे केली तर बेकरीवाल्याने उरलेले नव्वद फेनिग आणायचे कुठून? काही गावांनी त्याच ऑगस्टमध्ये आपल्या सहीशिक्क्याचे कागद छापून वेळ मारून नेली. ती अडचण तेव्हापुरती मिटली. खरा पेच आला दोन वर्षांनी, आणि त्याला कारण होता धातू.

एसटीच्या कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो तिकिटामागे बाकी रक्कम लिहून देतो. त्या आकड्याला त्याच्याकडेच किंमत; दुसऱ्या गाडीत तो कागद कोणी विचारत नाही. १९१६ पासून पुढची पाचेक वर्षं जर्मनीतली शेकडो गावं, तालुके, ट्राम कंपन्या, खाणी आणि कारखाने हेच करत होते. फरक इतकाच की बाकी रक्कम लोखंडाच्या नाहीतर जस्ताच्या चकतीवर ठोकलेली असे. संग्राहक या सगळ्याला सरसकट नोटगेल्ड, म्हणजे अडीअडचणीचा पैसा, म्हणतात. नाण्यांवर मात्र बहुधा क्रीग्सगेल्ड, म्हणजे युद्धाचा पैसा, असं किंवा ‘सुट्ट्या पैशांऐवजी’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं.

युद्धाआधी जर्मन माणसाच्या खिशात काय खुळखुळत होतं ते आधी पाहू. एक आणि दोन फेनिग तांब्याचे. पाच आणि दहा फेनिग तांबं-निकेलच्या मिश्रणाचे, त्यात तांबं पाऊण भाग आणि निकेल पाव. पंचवीस फेनिग तर शुद्ध निकेलचा. अर्ध्या मार्कापासून वर चांदी. आता युद्धसाहित्याच्या कारखान्यात जा. तोफगोळ्याच्या बुडाशी जो पट्टा असतो आणि जो तोफेच्या नळीतल्या आट्यांत रुतून गोळ्याला फिरकी देतो, तो तांब्याचा. काडतुसाचं कवच पितळेचं, म्हणजे पुन्हा तांबं. चिलखती पोलाद आणि तोफेची नळी चिवट व्हायला निकेल हवं. बंदुकीच्या गोळीवरच्या पातळ आवरणालाही तांबं-निकेलच लागतं. म्हणजे खिशातला दहा फेनिग आणि आघाडीवरची गोळी एकाच मालावर जगत होती. जर्मनीकडे निकेल जवळपास नव्हतं. जगाचं निकेल तेव्हा मुख्यतः कॅनडातून आणि न्यू कॅलेडोनियातून यायचं, आणि समुद्रावर पहारा ब्रिटिश आरमाराचा.

मग सरकारी टांकसाळींनी धातू बदलायला सुरुवात केली. पाच फेनिग १९१५ मध्ये लोखंडाचा झाला, दहा फेनिग १९१६ मध्ये. एक फेनिग ॲल्युमिनियमचा झाला, तोही १९१६ मध्येच. १९१७ मध्ये दहा फेनिग जस्तातही निघाला. दोन मार्कांचं चांदीचं नाणं १ जानेवारी १९१८ पासून चलनातून बाद झालं आणि निकेलचा पंचवीस फेनिग त्याच वर्षी १ ऑक्टोबरला. अर्ध्या मार्काचं चांदीचं नाणं तेवढं युद्ध संपेपर्यंत पडत राहिलं. शेवटच्या वर्षांत ते मुद्दाम काळं करून बाहेर सोडलं जाई, चकचकीत चांदी दिसली नाही तर लोक साठवणार नाहीत या हिशेबाने. लोकांनी काळी चांदीही साठवली. चांदी ती चांदी. घासली की पांढरी होते हे सांगायला काही कारकून लागत नाही.

याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं ते शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. १९१७ च्या ऑगस्टअखेर लंडनला चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्सच्या वर गेला आणि तोळाभर वजनाच्या रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग झाली. इथेही रुपये घरोघरच्या गाडग्यांत गेले. सरकारने नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली, पुढे १९१८ च्या सुरुवातीला दोन रुपये आठ आण्यांची विचित्र नोट काढली, आणि दोन, चार नि आठ आण्यांची चांदीची नाणी बदलून निकेलची केली. आठ आण्याच्या निकेलच्या नाण्याची नक्कल इतकी झाली की ते लवकरच गुंडाळावं लागलं. पण मुद्दा असा की मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींना चांदीला पर्याय म्हणून निकेल हाताशी होतं, त्याच वर्षी जर्मन टांकसाळी निकेल वेचून वेचून परत घेत होत्या. दोन्हीकडची १९१८-१९ ची चार-चार नाणी शेजारी मांडली तर समुद्र कोणाच्या ताब्यात होता हे नकाशाशिवाय कळतं.

तर १९१६ च्या अखेरीस जर्मन गावांची अवस्था अशी. सेनापती हिंडेनबुर्गच्या नावाच्या योजनेखाली युद्धसाहित्याचं उत्पादन दामदुप्पट करायचं ठरलेलं. पुढच्या वर्षी चर्चच्या घंटासुद्धा काढून वितळवायला गेल्या. टांकसाळी नवी लोखंडी नाणी पाडत होत्या, पण सैन्य जिथे जाई तिथे ती चिल्लरही जाई, बेल्जियमपासून पूर्व आघाडीपर्यंत. आठवड्याचा पगार रोखीने वाटणारे कारखाने अडले. ट्रामचा कंडक्टर अडला. नाणं टाकून चालणाऱ्या गॅसच्या मीटरांनी आणखी एक घोळ केला: घराघरातल्या मीटरच्या पेटीत पडलेलं नाणं गॅस कंपनीचा माणूस पेटी रिकामी करेपर्यंत आत अडकून राही. म्हणून कितीतरी गॅस कंपन्यांनी मीटरसाठी आपली वेगळी टोकनं काढली आणि खरी नाणी बाजाराला मोकळी केली.

कायद्याने नाणं पाडायचा हक्क एकट्या साम्राज्याचा. गावांनी केलं ते काटेकोर बोलायचं तर बेकायदा होतं, आणि वरच्यांनी त्याकडे डोळेझाक केली, कारण दुसरा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. गावाने जेवढ्या रकमेची चकती काढली तेवढी रक्कम बाजूला राखून ठेवायची, नाण्यावर गावाचं नाव स्पष्ट घालायचं, आणि मागतील तेव्हा नगरपालिकेच्या खजिन्यातून खरे पैसे परत द्यायचे, असा साधा व्यवहार. काही ठिकाणी परतफेडीची मुदत नाण्यावरच असते. बाकीच्यांनी ती स्थानिक वर्तमानपत्रातून जाहीर केली. मुदत उलटली की न आलेल्या नाण्यांचे पैसे गावाचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा नूर तिनेच पालटला.

ही नाणी बनवली कोणी? सरकारी टांकसाळींना सवड नव्हती. काम गेलं ते बटणं, बिल्ले, पदकं आणि खेळातली टोकनं बनवणाऱ्यांकडे. न्यूर्नबर्गला हिशेबाची आणि जुगाराची टोकनं पाडायची परंपरा कित्येक शतकांची. तिथल्या लाउअर आणि बाल्मबर्गर या पेढ्यांनी ढिगाने गावांची कामं घेतली. स्टुटगार्टला मायर उंड विल्हेल्म होती. आणि वेस्टफालियातलं ल्यूडेनशाइड हे तर बटणांचंच गाव. लष्करी कोटाची बटणं ज्या दाबयंत्रावर निघत त्याच यंत्रावर दहा फेनिग निघू लागला. कारागिरांना पातळ पत्र्यावर छोटं, उठावदार चिन्ह उमटवायची सवय होतीच.

काम कसं चाले ते पायरीपायरीने पाहिलं की या नाण्यांतले दोष वाचता येतात, आणि माझ्या मते त्यांची खरी गंमत दोषांतच आहे.

आधी ठसा. कोरक्या मऊ पोलादाच्या दांड्याच्या टोकावर गावाचं चिन्ह उठावात कोरतो. तो दांडा कडक करून दुसऱ्या मऊ पोलादी ठोकळ्यावर दाबला की खोलगट साचा मिळतो. अक्षरं बहुतेक वेळा वेगळ्या छोट्या पंचांनी एकेक करून साच्यात ठोकलेली असतात, म्हणून गावाच्या नावातलं एखादं अक्षर किंचित कललेलं किंवा खाली घसरलेलं दिसतं. कोरायचं काम वाचावं म्हणून चिन्ह निवडलं जाई ते गावाच्या शिक्क्यावरचंच: बुरूज, किल्ली, सिंह, मासा, संत. मागची बाजू तर अनेकदा तयार असे. मण्यांच्या वर्तुळात मोठा १० किंवा ५० चा आकडा, एवढंच. एकाच पेढीने हाच मागचा साचा पाच-सात गावांना वापरला, त्यामुळे शेकडो मैल दूरच्या दोन गावांच्या नाण्यांची पाठ तंतोतंत जुळते. साच्याला पडलेला बारीक तडा एकीकडे लहान आणि दुसरीकडे वाढलेला दिसला तर कोणतं गाव आधी आणि कोणतं नंतर हेही सांगता येतं. तडा नाण्यावर खोल रेघ म्हणून उमटत नाही, उठलेली रेघ म्हणून उमटतो, कारण दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो. ओरखडा मात्र खोलगट असतो. नवशिक्यांची इथे हमखास गल्लत होते.

मग पत्रा. जस्ताचा पत्रा स्वस्त, कारण सायलेशियाच्या खाणी जर्मनीच्या स्वतःच्या. पण जस्त थंड असताना ठिसूळ असतं. शंभर ते दीडशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते मऊ, लवचिक होतं. घाईत ही ऊब न देता ठोकलं तर कडेला बारीक भेगा पडतात. पत्रा नीट लाटला नसेल तर त्यात पापुद्रे राहतात आणि नाण्याचा एखादा पापुद्रा पुढे कधीतरी निघून येतो. तिथला आकडाही त्याच्याबरोबर जातो.

लोखंडाची तऱ्हा उलटी. ते तडकत नाही, पण साच्याला खाऊन टाकतं. म्हणून शक्य तितकं कमी कार्बनचं लोखंड घ्यायचं, चकत्या कापल्यावर भट्टीत तापवून सावकाश निवू द्यायच्या आणि उठाव कमीत कमी ठेवायचा. तरीही साचा लवकर झिजतो. एकाच गावाची सुरुवातीची नाणी खणखणीत आणि नंतरची घासलेल्या साबणासारखी, हे त्यामुळे. खिशातली झीज आणि साच्याची झीज यांतला फरक भिंगाखाली ओळखू येतो. खिशात झिजलेल्या नाण्याचे उंचवटे सपाट आणि तुळतुळीत होतात. झिजल्या साच्याच्या नाण्यात उंचवटे गोलसर राहतात, अक्षरांच्या पायाशी कडेकडे ओघळल्यासारख्या रेषा दिसतात, आणि पृष्ठभाग मात्र नवाच असतो.

चकती गोल असेल तर दाबण्याआधी तिची कड थोडी वर उचलून घेत. त्यामुळे चिन्हाला आडोसा मिळतो आणि थप्पी नीट लागते. अष्टकोनी चकतीला हे जमत नाही. ती तशीच साच्यात ठेवून ठोकायची, आणि ठेवणाऱ्याचा हात घाईत असेल तर कोन एका दिशेला आणि चिन्ह भलत्याच. अष्टकोनी आकाराचा अट्टहास कशासाठी, तर सरकारी नाण्याशी गल्लत नको म्हणून. खिशात चाचपून बोटांना कळतं, आणि गॅस मीटरच्या गोल फटीला तो आकार फसवू शकत नाही. काहींनी त्याच हेतूने मधोमध भोक पाडलं. आपल्याकडे १९४३ मध्ये दुसऱ्या महायुद्धात निघालेल्या भोकाच्या पैशात कारण वेगळं होतं, तिथे तांबं वाचवायचं होतं.

ठोकून झालेल्या लोखंडी नाण्यावर काहीतरी थर हवा, नाहीतर पहिल्या पावसात ते लाल होणार. यात तीन तऱ्हा दिसतात. जस्ताच्या भुकटीबरोबर बंद फिरत्या पिंपात साडेतीनशे-चारशे अंशांवर भाजायचं. या पद्धतीला शेरार्डायझिंग म्हणतात, काउपर-कोल्स या इंग्रज संशोधकाच्या शेरार्ड या पहिल्या नावावरून. शत्रूच्या देशातल्या माणसाचं नाव जर्मनांनी तसंच वापरलं, सरकारी लोखंडी फेनिगसुद्धा याच रीतीने झाकला. दुसरी तऱ्हा म्हणजे आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यातून चकत्या कापायच्या. हे स्वस्त पडतं, पण कापलेली धार उघडीच राहते आणि गंज नेहमी कडेकडून सुरू होतो. तिसरी तऱ्हा निकेलच्या मुलाम्याची. ती दिसायला सगळ्यात देखणी आणि टिकायला सगळ्यात वाईट. जस्त लोखंडापेक्षा आधी गंजतं, म्हणजे स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. थरावर ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त त्याची राखण करतं. निकेलचं उलट आहे. त्यात सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की सगळी झीज त्या एका ठिपक्यातून लोखंडात खोल शिरते. वरून चकचकीत, आणि मध्येच फुगलेला तपकिरी फोड. असं नाणं बाजारात दिसलं तर आतून पोकळ होत चाललंय असं समजावं.

तयार माल मोजत नव्हते, वजन करत. ठरावीक वजनाच्या कागदी गुंडाळ्या नगरपालिकेच्या खजिन्यात येत आणि तिथून पगारवाटप, रेशनची दुकानं, ट्राम यांच्यामार्फत गावात पसरत. पसरायचं कुठपर्यंत, हा खरा प्रश्न. कागदावर हद्द गावाची वेस. प्रत्यक्षात रूर खोऱ्यासारख्या दाट वस्तीच्या औद्योगिक भागात एक गाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे लागतं हे ट्रामलाही कळत नव्हतं. कामगार राहायचा एका गावात, कामाला जायचा दुसऱ्या. शेजारच्या गावांनी एकमेकांचा पैसा घ्यायचं ठरवलं तिथे निभावलं. नाही ठरवलं तिथे वेशीवरच्या दुकानदाराकडे परक्या चकत्यांचा ढीग साठे, आणि तो त्या आठवड्यातून एकदा पिशवीत भरून त्या त्या गावच्या खजिन्यात बदलून आणी.

नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं, चिल्लरीचा तुटवडा थांबला नाही. उलट १९१९-२० मध्ये गावांच्या नाण्यांना पूर आला, कारण आता भाव चढत होते आणि सरकारी लोखंडी-जस्ती नाणी पुरी पडत नव्हती. विमानांसाठी युद्धात वाढवलेले ॲल्युमिनियमचे कारखाने रिकामे झाले होते, तेव्हा सरकारने १९१९ पासून ॲल्युमिनियमचा पन्नास फेनिग काढला. २३ मिलिमीटरचा, जेमतेम पावणेदोन ग्रॅमचा. लोकांना ते नाणं पोरकट वाटे, पण त्याने खरोखर टंचाई हलकी केली.

आणि इथेच गावांच्या नाण्यांचा सूर बदलतो. संग्राहक नावाची जमात तोवर जागी झाली होती. न आलेल्या नाण्याचे पैसे गावाचे, ही अट आठवते ना? संग्राहकाने अल्बममध्ये ठेवलेलं प्रत्येक नाणं कधीच परत येणार नव्हतं. मग नाणी देखणी होऊ लागली. बॉनने १९२० मध्ये संगीतकार बेटोवेनच्या जन्माला दीडशे वर्षं झाली म्हणून त्याचं डोकं लोखंडी नाण्यावर आणलं. आखेनने त्याच वर्षी आपल्या बोलीभाषेत ‘ओएखर ग्रोशे’, म्हणजे आखेनचा ग्रोशन (जुन्या काळचं छोटं नाणं), असं नाणं काढलं. न्यूर्नबर्ग-फ्युर्थच्या ट्रामने वीस फेनिगची ॲल्युमिनियमची टोकनं काढली आणि त्यांवर शहरातल्या वेगवेगळ्या जागा दाखवल्या. एक घेतलं की बाकीची हवीशी वाटणारच.

सगळ्यात नादिष्ट प्रकार सॅक्सनीचा. १९२१ मध्ये राज्याने माइसनच्या पोर्सेलीन कारखान्यातून नाणी भाजून घेतली, वीस फेनिगपासून वीस मार्कांपर्यंत, तपकिरी-लाल ब्यॉटगर मातीची आणि पांढऱ्या पोर्सेलीनची. रेखाटणं पॉल ब्यॉर्नरची. नाण्यावर माइसनच्या फुलीसारख्या तिरक्या तलवारींची खूण. या मातीला ज्याचं नाव, तो योहान फ्रीडरिश ब्यॉटगर मुळात किमयागार. सोनं करून दे म्हणून सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने त्याला कोंडून ठेवला होता, आणि सोन्याऐवजी त्याच्या हातून ही माती नि पुढे पोर्सेलीन निघालं. दोनशे वर्षांनी त्याच मातीचा पैसा व्हावा यात कुठेतरी त्याचं देणं फिटल्यासारखं वाटतं. व्यवहारात मात्र ही नाणी फसली. ओली माती भाजताना सहाव्या हिश्श्याच्या आसपास आक्रसते आणि प्रत्येक भट्टीत सारखीच आक्रसत नाही, म्हणून एकाच किमतीच्या दोन नाण्यांच्या व्यासात फरक पडतो. दगडी फरशीवर पडलं की टवका उडतो. लोकांनी ती चलनात फारशी घेतलीच नाहीत. विकत घेतली आणि कपाटात ठेवली.

मी याबाबतीत पक्षपाती आहे. मला १९१७ चा काळपट, चिन्हही धड न दिसणारा अष्टकोनी दहा फेनिग हवा, १९२१ चं पोर्सेलीन नको. पहिल्याने पाव विकत घेतला गेला होता.

सरकारने १७ जुलै १९२२ च्या कायद्याने गावांच्या पैशाला आळा घातला. वर्षभरात महागाईने तो कायदा गिळला आणि पुन्हा गावोगाव कागद छापले जाऊ लागले. नाण्यांना मात्र आता जागाच नव्हती. साचा कोरून, चकत्या कापून, माल गावात पोहोचायला काही आठवडे लागतात; १९२३ च्या ऑक्टोबरात महिन्याभरात किमतीला दोन शून्यं जोडली गेली. सरकारने २०० आणि ५०० मार्कांची ॲल्युमिनियमची नाणी काढली, ती लोकांच्या हाती पडेपर्यंत निरुपयोगी ठरली.

वेस्टफालिया प्रांत तरीही हटला नाही. १९२१ पासून त्याच्या नाण्यांवर फ्रायहेर फोम श्टाइनचा चेहरा आहे आणि भोवती ‘कठीण काळातला जर्मनीचा नेता’ अशा अर्थाची ओळ. प्रशियाच्या शहरांना आपला कारभार आपण बघायचा अधिकार १८०८ च्या नगरकायद्याने मिळाला, तो करणारा हाच माणूस. गावाच्या पैशावर याहून योग्य चेहरा मला सुचत नाही. १९२३ मध्ये याच चेहऱ्याखाली किंमत चढत चढत पाव दशलक्ष, पाच दशलक्ष, पन्नास दशलक्ष आणि शेवटी एक लाख कोटी मार्कांवर पोहोचली. हे शेवटचं नाणं ६० मिलिमीटर रुंद आहे. ते तयार झालं तेव्हा मार्क स्थिरावून गेला होता. २० नोव्हेंबर १९२३ ला एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क असा दर ठरला, म्हणजे या अजस्र चकतीची किंमत पाव डॉलरच्या आसपास, आणि ती विकली गेली स्मरणवस्तू म्हणून. त्याच वर्षी हॅम्बुर्गने शहाणपणा केला: ॲल्युमिनियमच्या छोट्या टोकनांवर मार्काचे आकडे न घालता सोन्याच्या मार्काशी बांधलेल्या हिशेबाचे ५/१००, १/१० आणि १ असे आकडे घातले. दोन्ही नाणी शेजारी ठेवावीत, कोणाला परिस्थिती कळली होती ते दिसतं.

आता जवळ बाळगायचं म्हटलं तर. भारतात ही नाणी जुन्या मिश्र पिशव्यांतून, प्रदर्शनांतून आणि ऑनलाइन लिलावांतून मिळतात. साधी जस्ताची दहा फेनिगची नाणी अजून स्वस्त आहेत. पहिली कसोटी लोहचुंबकाची. लोखंड घट्ट चिकटतं, जस्त नि ॲल्युमिनियम अजिबात नाही. चुंबक जवळ नसेल तर वजन. २१ मिलिमीटर व्यासाची आणि १.४ मिलिमीटर जाडीची चकती लोखंडाची असेल तर सुमारे ३.८ ग्रॅम, जस्ताची साडेतीनच्या आसपास, ॲल्युमिनियमची १.३. लोखंड आणि जस्तात फरक जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा ग्रॅम, त्यामुळे शतांश ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा हवा. किचनचा काटा चालत नाही. त्यानंतर टांकसाळीची अक्षरं बघावीत. ए, डी, ई, एफ, जी, जे यांपैकी एखादं एकटं अक्षर आणि साम्राज्याचा गरुड असेल तर ते सरकारी नाणं, गावाचं नव्हे. १९१७ चं नाणं तांब्यात, पितळेत किंवा चांदीत कोणी देऊ लागला तर सावध. पेढ्यांनी त्याच साच्यांवर हौशी गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या धातूंत नाणी ठोकून विकली आहेत. ती खोटी नसतात, पण युद्धाचा पैसाही नसतात, आणि दर मात्र चौपट सांगितला जातो.

घरी आणल्यावर आपल्या हातून होणारा पहिला अपघात म्हणजे स्वच्छता. पितळ चिंचेने लख्ख होतं म्हणून जस्तालाही चिंच लावायची नाही. जस्त आम्लात विरघळतं: चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोकम, काहीही. आणि कडक सोड्यातही विरघळतं, म्हणजे भांड्यांच्या पावडरीनेही सुटका नाही. पांढरट थर जो दिसतो तो जस्ताचा कार्बोनेट. तो दाट, घट्ट आणि एकसारखा असेल तर तोच नाण्याचं रक्षण करतो, त्याला हात लावू नये. भुसभुशीत, उचलून येणारा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं बुडवून मऊ ब्रशने झटकावं आणि पंख्याखाली वाळवावं. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणून मिळतं त्यात सुगंध आणि तेल असतं, ते नको. लोखंडी नाण्याचा सुटा गंज बांबूच्या अणकुचीदार काडीने खरवडावा, मग साबणाशिवाय ॲसिटोनने धुऊन, चांगलं वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. सुई किंवा ब्लेड वापरलं की निकेलच्या थराला नवं छिद्र मिळालंच म्हणायचं.

ठेवण्यासाठी मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांचे अल्बम टाळा. त्या पीव्हीसीतून सुटणारं आम्ल जस्ताला चिकट डाग पाडतं. पॉलिएस्टर फिल्मच्या चौकोनी पुठ्ठ्याच्या चौकटी ठीक, पण स्टेपलच्या पिना नाण्याला लागू देऊ नका. लाकडी पेटी दिसते छान, मात्र प्लायवूड, एमडीएफ आणि ओकसारख्या लाकडातून येणाऱ्या आम्लाच्या वाफा जस्त आणि शिसं दोन्ही खातात. कोकणात नि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेची आर्द्रता जस्ताला सोसवेल त्याच्या कितीतरी वर असते. झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा हवाबंद डबा घ्यावा, तळाशी कापडी पिशवीत शंभरेक ग्रॅम नारिंगी रंगाचा सिलिका जेल आणि आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा चाळीसच्या खाली राहिला पाहिजे. जेलचे मणी हिरवे पडले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा नारिंगी करून घ्यावेत, थंड झाल्यावरच परत डब्यात घालावेत. लोखंडाची आणि जस्ताची नाणी एकाच पाकिटात ठेवू नयेत. ओल शिरलीच तर जस्त स्वतः संपून लोखंडाला वाचवेल, आणि दोन्ही नाणी तुमचीच असतील.